अपग्रेडनंतर पोस्टग्रेस उठेना: आधी काय बघायचं आणि कुठे थांबायचं

ॲप्टने (उबुंटू लिनक्सचं पॅकेज बसवणारं साधन) अपग्रेड झालं किंवा उबुंटूची आख्खी आवृत्ती वर नेली, आणि त्यानंतर पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरबाबत यातलं काहीतरी दिसायला लागलं:

– ॲप्लिकेशन ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणून अडून बसतं.
– सर्व्हिसचं स्टेटस हिरवंगार, ‘ॲक्टिव्ह’, पण जोडणी काही होत नाही.
– सर्व्हर चालू आहे, पण आपला डेटाबेस यादीतच नाही. किंवा आहे, पण रिकामा.
– पासवर्ड तोच, तरी ऑथेंटिकेशनची तक्रार.
– सगळं चालतंय, फक्त दोन सेकंदांचा रिपोर्ट चार मिनिटं घेतोय.
– नावाने शोधलं की ग्राहक सापडत नाही, आणि यादी सरकवत खाली गेलं की तो तिथेच बसलेला दिसतो.

शेवटचं लक्षण सगळ्यांत गुपचूप येतं आणि सगळ्यांत वाईट असतं. त्याच्याकडे नंतर येतो.

मी छोट्या व्यापाऱ्यांचे, एक-दोन शाळांचे आणि काही दवाखान्यांचे सर्व्हर सांभाळतो. बहुतेक ठिकाणी उबुंटूवर पोस्टग्रेस आहे, काही ठिकाणी मायएसक्यूएल. हा बिघाड इतक्या वेळा निस्तरलाय, की फोनवरचं पहिलं वाक्य ऐकून साधारण अंदाज येतो. खाली कमांडची नावं आपण फोनवर सांगतो तशी लिहिली आहेत, टाइप करताना नेहमीचं स्पेलिंग वापरा.

हात लावण्याआधी एकच पथ्य. डेटाच्या फोल्डरमधलं काहीही पुसू नका, हलवू नका, ‘एकदा पॅकेज काढून परत टाकून बघू’ हा प्रयोग करू नका. अपग्रेडमुळे डेटा उडालाय अशी केस माझ्याकडे अजून आलेली नाही. अपग्रेडनंतरच्या पहिल्या तासात माणसाने घाईत उडवलाय अशा मात्र आल्या आहेत.

खरंच अपग्रेडच झालं का, आणि कधी?

‘मी काहीच केलं नाही’ असं समोरचा म्हणतो तेव्हा तो बहुधा खरं बोलत असतो. उबुंटू सर्व्हरवर सुरक्षेची अपडेट्स आपोआप बसतात. त्यांचा टायमर सकाळी सहाचा असतो आणि त्यात एक तासापर्यंतचा उशीर मुद्दाम घातलेला असतो. क्लाउडवरच्या सर्व्हरचं घड्याळ बहुतेकदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, म्हणजे आपल्याकडे साडेअकरा ते साडेबारा. पेढी उघडून बिलांची गर्दी सुरू झालेली असते, नेमकी तीच वेळ. ‘रोज दुपारच्या सुमारास मधूनच बंद पडतं’ ही तक्रार आली की मी आधी टायमर बघतो.

व्हार, लॉग, ॲप्ट या फोल्डरमध्ये हिस्टरीची फाइल असते. कोणतं पॅकेज, कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर, किती वाजता, सगळं त्यात लिहिलेलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढची दिशा इथेच ठरते. १४.११ वरून १४.१२ ही किरकोळ उडी. त्यात डेटाच्या फाइल्सचा साचा बदलत नाही, म्हणून दोष दुसरीकडे शोधायचा. १२ वरून १४ असेल तर मोठी उडी, तिथे जुन्या फाइल्स नवा सर्व्हर थेट उघडूच शकत नाही. (२०१७ साली १० वी आवृत्ती आली तेव्हापासून पहिला आकडा म्हणजे मोठी आवृत्ती. त्याआधी ९.५ वरून ९.६ हीसुद्धा मोठी उडीच धरायची.)

ॲप्लिकेशन एकदा रीस्टार्ट करा

हसू नका. पॅकेज अपडेट होताना डेटाबेस रीस्टार्ट होतो आणि जुन्या जोडण्या तुटतात. काही ॲप्लिकेशन्स तुटलेल्या जोडण्या उराशी धरून बसतात. डेटाबेस ठणठणीत असतो, ॲप्लिकेशनला ते कळलेलं नसतं. किरकोळ अपडेटनंतरच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवू नका

उबुंटू आणि डेबियनवर ‘पोस्टग्रेसक्यूएल’ नावाची सर्व्हिस नुसती नावाची आहे. तिचं स्टेटस विचारलं की ‘ॲक्टिव्ह’ आणि पुढे कंसात ‘एक्झिटेड’ असं येतं. ती फक्त बाकीच्यांना हाक मारते आणि बाजूला होते. खरी सर्व्हिस आवृत्ती आणि क्लस्टरच्या (एका सर्व्हरखालच्या डेटाबेसांच्या संचाच्या) नावाने असते, पोस्टग्रेसक्यूएल ॲट १४-मेन अशी. ती मेलेली असली तरी पहिली हिरवीच राहते. यावर तास-तास घालवणारे लोक पाहिलेत. त्यांत एके काळी मीही होतो.

त्यापेक्षा पीजी-एलएसक्लस्टर्स चालवा. एका ओळीत आवृत्ती, क्लस्टरचं नाव, पोर्ट, चालू की बंद, डेटाचं फोल्डर, लॉगची फाइल. उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेलेल्या मशीनवर साधारण असं चित्र दिसतं: १२ मेन ५४३२ वर, आणि खाली १४ मेन ५४३३ वर. म्हणजे नवा पोस्टग्रेस आलाय, त्याने स्वतःसाठी कोरं क्लस्टर बनवलंय आणि ५४३२ अडलेला असल्यामुळे पुढचा पोर्ट घेतलाय. तुमचा डेटा जुन्यात जसाच्या तसा आहे.

आता ती रिकाम्या डेटाबेसची गोष्ट. बी-बियाणांच्या एका ठोक व्यापाऱ्याच्या ऑपरेटरचा फोन आला, "सर, लॉगिन होतंय, पण एकही पार्टी दिसत नाही." आदल्या दिवशी कुणीतरी अपग्रेड केलं होतं. जुनं क्लस्टर बंद दिसलं, नवं चालू दिसलं. ‘डेटाबेस अस्तित्वात नाही’ असा एरर आला म्हणून त्याच नावाचा डेटाबेस नव्यात बनवला आणि ॲप्लिकेशनमध्ये पोर्ट ५४३३ टाकला. ॲप्लिकेशन सुरू झालं, त्याने स्वतःची टेबलं उभी केली, ॲडमिनचं डीफॉल्ट लॉगिनही बनवलं. ऑपरेटरने सकाळपासून बिल क्रमांक एकपासून चाळीस बिलं फाडली होती. खरा डेटा सापडायला पाच मिनिटं लागली. ती चाळीस बिलं खऱ्या डेटाबेसमध्ये खऱ्या क्रमांकाने परत भरायला आणि छापून गेलेल्या कागदांशी ताळा लावायला दोन दिवस गेले. म्हणून डेटाबेस सापडत नसेल तर नवा बनवू नका. आधी दुसरं क्लस्टर बघा.

यादीत जुन्यासमोर ‘डाउन’ आणि त्याला जोडून ‘बायनरीज मिसिंग’ दिसलं, तर आवृत्ती-अपग्रेडच्या शेवटी ‘जुनी पॅकेजेस काढू का’ या प्रश्नाला कुणीतरी हो म्हटलंय. घाबरू नका. प्रोग्राम गेलाय, डेटाचं फोल्डर जागेवर असतं. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या ॲप्ट भांडारातून तीच जुनी आवृत्ती परत बसवली की क्लस्टर उठतं. मात्र पॅकेज ‘पर्ज’ केलं (मुळासकट काढलं) असेल तर डेटाही पुसायचा का असं विचारलं जातं, आणि तिथेही हो म्हटलं गेलं असेल तर बॅकअप शोधायला लागा.

लॉगची शेवटची तीस ओळी

सिस्टमसीटीएल जे सांगतं तो लॉग नव्हे. पोस्टग्रेसचा स्वतःचा लॉग व्हार, लॉग, पोस्टग्रेसक्यूएल या फोल्डरमध्ये आवृत्तीच्या नावाने असतो. शेवटून वर वाचत जा आणि पहिली ‘फेटल’ किंवा ‘पॅनिक’ अशी ओळ शोधा. पुढचे सगळे निर्णय त्या ओळीवर घ्यायचे, अंदाजावर नाही.

‘अनरेकग्नाइज्ड कॉन्फिगरेशन पॅरामीटर’ आलं, तर कॉन्फिगरेशनमधली एखादी सेटिंग नव्या आवृत्तीत उरलेली नाही. वाल-कीप-सेगमेंट्स १३ मध्ये गेलं, त्याच्या जागी वाल-कीप-साइझ आलं. स्टॅट्स-टेम्प-डिरेक्टरी १५ मध्ये गेलं. ओळीच्या सुरुवातीला हॅश टाका आणि सुरू करा. रिकव्हरी-डॉट-कॉन्फ नावाची फाइल डेटाच्या फोल्डरमध्ये असेल तर १२ पासून पुढचा सर्व्हर सुरूच होत नाही. पण ती फाइल तिथे असण्याचा अर्थ हा सर्व्हर कधीतरी रेप्लिका (दुसऱ्या सर्व्हरची चालती नक्कल) होता किंवा अजून आहे. तसं असेल तर तिला हात लावण्याआधी थांबा.

‘कुड नॉट ॲक्सेस फाइल’ आणि पुढे एखाद्या एक्स्टेन्शनचं (पोस्टग्रेसला जोडलेल्या पूरक भागाचं) नाव असेल, तर शेअर्ड-प्रीलोड-लायब्ररीजमध्ये ते नाव आहे, पण नव्या आवृत्तीसाठीचं त्याचं पॅकेज बसवलेलं नाही. ते बसवा. नुसतं नाव काढून सर्व्हर उठवता येतो, पण त्या एक्स्टेन्शनवर टेबलं उभी असतील तर नवा घोळ होतो.

आणि एक गंमत, जी मला फार उशिरा कळली. किरकोळ अपडेटनंतर कॉन्फिगरेशनची चूक निघाली, तर ती बहुधा अपडेटची नसतेच. सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी शेअर्ड-बफर्स ‘८ जीबी’ करताना जीबी स्मॉल लिपीत लिहून ठेवलेलं असतं. पोस्टग्रेसला ते कॅपिटलच लागतं. त्या दिवशी सर्व्हर रीस्टार्ट केला नाही, म्हणून ते खपून गेलं. अपडेटने रीस्टार्ट केला आणि पाप अपडेटच्या माथी आलं. फाइलची शेवटची बदलाची तारीख बघितली की गुन्हेगार सापडतो.

डिस्क

डिस्कवर किती जागा उरली ते दाखवणारी डीएफ ही कमांड चालवा. नव्वद टक्क्यांच्या वर काही असेल तर तिथेच थांबून जागा करा: ॲप्टचा कॅश, जुनी कर्नल्स, जुने जर्नल लॉग. डीएफला आयनोडचे (फाइलींच्या नोंदींच्या जागांचे) आकडेही विचारा, कारण जागा शिल्लक असून आयनोड संपले तरी एरर तोच येतो.

फक्त पीजी-वाल फोल्डरमधलं काही काढू नका, पोस्टग्रेस प्रत्येक बदलाची नोंद आधी तिथे करतो. १० व्या आवृत्तीच्या आधी याचं नाव पीजी-एक्सलॉग होतं. ‘लॉग आहेत, पुसले तरी चालतील’ असं समजून लोक ते साफ करायचे आणि डेटाबेस कायमचा झोपायचा. म्हणूनच नाव बदलावं लागलं. नाव बदलूनही अधूनमधून कुणीतरी साफ करतंच.

अर्धवट बसलेलं पॅकेज, मालकी, कुलूप

अपग्रेड मध्येच तुटलं असेल (एसएसएच गेलं, लाइट गेली) तर डीपीकेजीला उरलेली जुळवाजुळव पूर्ण करायला सांगा: डीपीकेजी, डबल डॅश कॉन्फिगर, डॅश ए. त्याआधी दुसरं ॲप्ट चालू नाही ना, तेवढं बघा.

डेटाच्या फोल्डरची मालकी पोस्टग्रेस या युजरकडे आणि परवानगी ७०० हवी (११ पासून ७५० सुद्धा चालते). कुणी वैतागून ७७७ केलं असेल तर सर्व्हर मुद्दाम उठत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पोस्टमास्टर-डॉट-पीआयडी ही फाइल दिसली की पुसायचा मोह होतो. आधी तिच्या पहिल्या ओळीतल्या क्रमांकाची प्रोसेस खरंच मेली आहे का ते पीएसने बघा. जिवंत असेल आणि तुम्ही फाइल पुसून दुसरा सर्व्हर त्याच डेटावर सोडलात, तर त्यानंतरचं काम या पोस्टच्या आवाक्यातलं नाही.

मोठ्या आवृत्तीची उडी: आता खरं काम

‘डेटाबेस फाइल्स आर इनकम्पॅटिबल विथ सर्व्हर’ असा एरर असेल, किंवा वरच्यासारखी दोन क्लस्टर्स दिसत असतील, तर डेटा नव्यात न्यायचा आहे. घाई असेल तर आज नेऊ नका. जुनं क्लस्टर ५४३२ वर उठवा, लोकांचं काम सुरू होऊ द्या, आणि रविवारी निवांत बसा. आवृत्ती जुनी राहिली म्हणून एका आठवड्यात आभाळ कोसळत नाही.

रविवारी आधी दोन्ही क्लस्टर्स बंद करून जुन्या डेटाच्या फोल्डरची अख्खी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. कॉन्फिगरेशन एटीसीखाली वेगळ्या फोल्डरमध्ये असतं, तेही घ्या. मग दोन्ही परत सुरू करा आणि ५४३३ वर जाऊन नवं क्लस्टर खरंच कोरं आहे ना ते डोळ्यांनी बघा. पोस्टग्रेस, टेम्प्लेट-० आणि टेम्प्लेट-१ एवढी तीनच नावं दिसली पाहिजेत. मग पीजी-ड्रॉपक्लस्टरने ते कोरं क्लस्टर काढायचं. या कमांडला आवृत्तीचा आकडा द्यावा लागतो, आणि १४ च्या जागी १२ गेलं तर खरा डेटा जातो. मी हा आकडा टाइप करून हात की-बोर्डवरून उचलतो, मोठ्याने वाचतो, मगच एंटर मारतो. बायको म्हणते पोथी वाचतोय.

त्यानंतर पीजी-अपग्रेडक्लस्टर १२ मेन. ते नवं क्लस्टर बनवतं, डेटा नेतं, ५४३२ नव्याला देतं आणि जुनं बंद करून बाजूला ठेवतं. डम्पची (डेटा बाहेर काढून परत भरण्याची) पद्धत घेतली तर वेळ आणि जागा दोन्ही जास्त लागतात, पण इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीच्या सूची) नव्याने बांधले जातात. ‘लिंक’ची पद्धत झटपट होते. मात्र तिच्यात जुना आणि नवा एकाच फाइल्स वापरतात, आणि नवा एकदा सुरू झाला की जुना सुरक्षितपणे उठवता येत नाही. छोट्या डेटाबेसला मी डम्पच वापरतो. जुनं क्लस्टर दोन आठवडे तसंच राहू द्या.

उठला, पण नीट वागत नाही

रिपोर्ट हळू चालत असतील तर टेबलांची आकडेवारी नाही, आणि क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा प्लॅनर तिच्याच भरवशावर असतो. १७ पर्यंत पीजी-अपग्रेड प्लॅनरची आकडेवारी सोबत आणत नव्हतं, १८ पासून आणतं. व्हॅक्यूमडीबीला सगळ्या डेटाबेसांवर टप्प्याटप्प्याने ॲनालाइझ करायला सांगा. चहा होईपर्यंत फरक दिसतो. रॅम वाढवायचं कोटेशन मागवण्याआधी एवढं करून बघा.

‘ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड’ म्हणजे ड्रायव्हर जुना. १४ पासून नवे पासवर्ड डीफॉल्टने स्क्रॅम पद्धतीने साठवले जातात आणि जुन्या ड्रायव्हरला ती पद्धत कळत नाही. जावा असेल तर ४२.२.० किंवा पुढचा ड्रायव्हर टाका. एचबीए फाइलमध्ये (कुणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या) ‘ट्रस्ट’ लिहून मोकळं होणं हा उपाय नाही. ते घराला कडीच न लावण्यासारखं आहे.

‘परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक’ येत असेल तर १५ पासून नव्या डेटाबेसमध्ये वाटेल त्या युजरला पब्लिकमध्ये टेबल बनवता येत नाही. ज्या युजरला हवं त्याला ग्रँट द्या, सगळ्यांना नाही.

आता ते सापडत नसलेलं नाव. मजकुराचा क्रम पोस्टग्रेस बहुधा स्वतः ठरवत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीला विचारतो. २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ ने हा क्रम बदलला. उबुंटू १८.०४ वरून २०.०४, डेबियन ९ वरून १०, रेड हॅट ७ वरून ८: या उड्या मारताना ती रेष ओलांडली जाते. ‘१-१’ आणि ‘११’ असे दोन शब्द इंग्रजी आकड्यांत लिहून, अमेरिकन इंग्रजीचं लोकेल (भाषेच्या नियमांची सेटिंग) लावून सॉर्टला द्या. जुन्या मशीनवर ११ आधी येतो, नव्यावर १-१. इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या क्रमाने, म्हणजे बाराखडीने लावलेल्या कपाटात दुसऱ्याच बाराखडीने शोधण्यासारखं. वस्तू आत असते, हात भलत्याच कप्प्यात जातो. त्याहून वाईट म्हणजे ‘युनिक’ असलेल्या रकान्यात तोच बिल क्रमांक दुसऱ्यांदा शिरतो, कारण पहिला त्याला दिसतच नाही.

पोस्टग्रेसची आवृत्ती तीच राहून फक्त ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तरी हे होतं. डेटाची डिस्क काढून नव्या मशीनला लावली तरीही. उपाय म्हणजे मजकुराच्या रकान्यांवरचे इंडेक्स रीइंडेक्स करणं. आकड्यांच्या इंडेक्सला धक्का लागत नाही, आणि ‘सी’ लोकेलच्या डेटाबेसलाही नाही. १५ पासून डेटाबेसचं कोलेशन (मजकूर क्रमाने लावायचे नियम) व्हर्जन जुळत नसेल तर जोडताना इशारा येतो. तो इशारा घालवायची जी ‘रिफ्रेश’वाली कमांड आहे ती फक्त नोंद बदलते, इंडेक्स दुरुस्त करत नाही. आधी रीइंडेक्स, मग रिफ्रेश. उलट केलंत तर इशाराही गेला आणि दुखणं आतच राहिलं.

मायएसक्यूएलवाल्यांसाठी थोडक्यात

क्रम तोच, फक्त खाचखळगे वेगळे. ५.७ वरून ८.० वर गेल्यावर ‘अननोन व्हेरिएबल क्वेरी-कॅश-साइझ’ हा एरर नेहमीचा, कारण क्वेरी कॅश काढूनच टाकला. ८.४ मध्ये तोच मान डीफॉल्ट-ऑथेंटिकेशन-प्लगिनकडे आलाय. ८.०.१६ पासून सर्व्हरला व्हॅलिडेट-कॉन्फिग सांगितलं की सुरू न करता कॉन्फिगरेशन तपासून देतो. डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवला असेल, मालकी बरोबर असेल आणि तरी ‘परमिशन डिनाइड’ येत असेल, तर कर्नलच्या लॉगमध्ये ॲपआर्मरचं (प्रोग्रामने कुठल्या फाइल्स उघडायच्या ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याचं) ‘डिनाइड’ शोधा. अपग्रेडवेळी पॅकेजची कॉन्फिगरेशन फाइल स्वीकारली असेल, तर बाइंड-ॲड्रेस परत १२७.०.०.१ झालेला असतो आणि बाहेरच्या मशीनवरून काहीच जोडत नाही. जुनी फाइल शेजारीच डीपीकेजी-ओल्ड अशा शेपटीने ठेवलेली असते. आणि ८.० ने डेटा एकदा अपग्रेड केला की त्याच फाइल्सवर ५.७ परत चालत नाही. परतीचा रस्ता फक्त बॅकअपमधून.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

लॉगमध्ये ‘पॅनिक’, ‘इनव्हॅलिड पेज’ किंवा ‘कुड नॉट लोकेट अ व्हॅलिड चेकपॉइंट रेकॉर्ड’ दिसलं. कर्नलच्या लॉगमध्ये डिस्कचे रीड-राइट एरर दिसले. युनिक इंडेक्स रीइंडेक्स होताना दुहेरी नोंदीवर अडला. मागे रेप्लिका आहे. लिंकने अपग्रेड करून नवा सुरू केलाय आणि आता जुना हवाय. किंवा साधं कारण: बॅकअप आहे असं म्हणतात, पण तो परत भरून कुणी कधी बघितलेला नाही. यातलं काहीही असेल तर सर्व्हर बंद ठेवा आणि फोन करा. पीजी-रीसेटवाल हे नाव कुठल्याशा उत्तरात वाचून चालवू नका. सर्व्हर उठतो, आणि आतला हिशेब कुठे फाटलाय ते महिनाभराने कळतं. मायएसक्यूएलचं इनोडीबी-फोर्स-रिकव्हरी ४ आणि त्यापुढचं त्याच जातीचं.

येणाऱ्या माणसासाठी चार गोष्टी काढून ठेवा: ॲप्टच्या हिस्टरीतल्या त्या दिवसाच्या ओळी, पीजी-एलएसक्लस्टर्सचं आउटपुट, डेटाबेसच्या लॉगची शेवटची दोनशे ओळी, आणि तुम्ही स्वतः काय काय करून बघितलं त्याची प्रामाणिक यादी. ‘थोडंसं काहीतरी केलं होतं’ असं सांगितलंत, तर ते थोडंसं काय होतं हे शोधण्यातच त्याची पहिली रात्र जाते, आणि त्या रात्रीचंही बिल लागतं.